शेकड्यामागे एक हात

नत्थूजीला त्या रविवारी काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. एक कप चहा, एक प्लेट पोहे, छातीला टाचणीनं लावायचा पुठ्ठ्याचा बिल्ला, आणि महिन्याभरानं निघणाऱ्या अहवालात छापील नाव. चहा-पोह्यांसाठी कारंज्याहून सोनबर्डीपर्यंत अकरा मैल सायकल हाणणारा माणूस नत्थूजी नव्हता. बिल्ल्याचा पुठ्ठा एकदा घाम लागला की गेला. राहता राहिलं नाव. तेच त्याला पाहिजे होतं, आणि ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

नत्थूजी संत्री मोजणारा. कारंज्याच्या बागांमध्ये तीस वर्षं तो हेच करत आला होता. ढिगापुढे मांडी घालून बसायचं, दोन्ही हातांनी मिळून पाच संत्री उचलायची आणि पलीकडे टाकायची. पाच संत्र्यांचा एक हात. वीस हात झाले की शेकडा. आणि प्रत्येक शेकड्यामागे आणखी एक हात वरून टाकायचा, तो वर्ताळा. वर्ताळा म्हणजे माल उचलणाऱ्याला मोजणीबाहेरचं द्यायचं. त्याची बोलाचाली नसते, लिहिणं नसतं. हात आपोआप पडतो. नत्थूजीनं मोजलेला ढीग बागवानानं पुन्हा मोजला नाही की व्यापाऱ्यानं. पण पावतीवर नाव बागवानाचं, नाव व्यापाऱ्याचं. मोजणाऱ्याचं नाव लिहायला पावतीवर जागाच नव्हती. एवढी संत्री हाताखालून गेली आणि नत्थूजीचं नाव छापलेलं फक्त मतदारयादीत, तेही बापाच्या नावाच्या चुकीसकट.

म्हणून सत्त्याऐंशीच्या जानेवारीत बाबाराव वकिलांनी त्याला विचारलं तेव्हा तो लगेच हो म्हणाला. बाबाराव वर्ध्याचे. पक्षिमित्र मंडळाचे अध्यक्ष. दर हिवाळ्यात जानेवारीच्या पहिल्या रविवारी मंडळाची माणसं जिल्ह्यातल्या तलावांवर जाऊन पाहुणी पाखरं मोजायची आणि आकडे वर पाठवायची. काम फुकटचं, हौसेचं. सोनबर्डीच्या तलावावर दरवर्षी घोटाळा व्हायचा. तिथं बदकं इतकी, की दोघांनी मोजली तर दोन आकडे यायचे. बाबारावांनी नत्थूजीला ओमप्रकाशशेठच्या ढाब्यामागे संत्र्याच्या ढिगापुढे पाहिलं. नुसतं पाहून त्यानं ढिगाचा अंदाज सांगितला आणि मोजल्यावर दोन हातांचा फरक निघाला. वकिलांनी तिथंच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाखरं मोजाले चालले?" सायकल काढताना कमलाबाईनं विचारलं. "कोन इकत घेऊन राह्यलं त्याइले?"

"कोनी नाई."

"मंग मोजता काऊन?"

याचं उत्तर नत्थूजीजवळ होतं, पण ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं.

तलावावर लीलाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. त्या रोहण्याच्या शाळेत शिक्षिका. गळ्यात दुर्बीण, मांडीवर वही. पाखरांची नावं त्यांना पाठ होती. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, पट्टकदंब, असं त्या एकेकाला ओळखून सांगायच्या. नत्थूजीला ती सगळी बदकं. पण लीलाबाईंना आकडा धरता यायचा नाही. हजारभर पाखरं हलली की त्यांची बोटं गोंधळायची.

"तुम्ही मोजा, मी लिहिते," त्या म्हणाल्या.

"लिवून काय करता, बाई? मी ध्यानात ठेवतो."

"ध्यानातलं कोणी मानत नाही, भाऊ. माझे वडील सांगायचे, वेशीबाहेरच्या माणसाचं बोललेलं हवेत जाते. लिहिलेलं मात्र वाचावं लागते त्यांना."

नत्थूजी हसला. मग त्यानं पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मांडी घातली आणि हवेत हात चालवू लागला. पाच पाखरं दिसली की दोन्ही हात पुढे, मग पलीकडे. संत्रं उचलून टाकावं तसंच. प्रत्येक हाताला लीलाबाई वहीत एक रेघ ओढायच्या. वीस हात झाले की तो "शेकडा" म्हणायचा आणि एक खडा खिशात टाकायचा. सूर्य पाळीवर यायच्या आत काम झालं. खिशात खडे निघाले एक्केचाळीस.

"एकेचाळीस शेकडे," नत्थूजी म्हणाला. "चार हजार शंभर. लिवा."

लीलाबाईंनी लिहिलं. रेघा कोणी मोजल्या नाहीत. मोजणाऱ्याचं नाव नत्थूजी असलं की रेघा कशाला मोजायच्या?

दुपारी सगळ्या तलावांवरची माणसं कारंज्याला ढाब्यावर जमली. चहा आणि पोहे ओमप्रकाशशेठकडून. अहवालाचे कागदही त्याच्याकडून. ओमप्रकाश म्हणजे ढाबा, चार ट्रक आणि संत्र्याचा व्यापार. नत्थूजी वर्षभर मोजायचा त्यातल्या निम्म्याहून जास्त बागा यानंच घेतलेल्या असायच्या. बागेतून आल्यावर रोज संध्याकाळी शेठपुढे उभं राहून आकडा सांगायचा, ही तीस वर्षांची सवय. त्या दिवशीही तेच झालं.

"क्या नत्थू, कितना निकला?"

"एकेचाळीस शेकडे, शेठ."

"पूरे?"

"पूरे. एक कमी नाई."

"बाकी तलावांवर?"

"बाकी कुठी पाच शेकडे, कुठी सात. सोनबर्डीच भारी."

"वा! आणि बसतात कुठं रे?"

"सकाऊन उगवतीच्या पाळीखाली. ऊन चढलं का मंधात जाते."

शेठनं स्वतःच्या हातानं त्याच्या प्लेटमध्ये शेव घातली. नत्थूजीला बरं वाटलं. हे बरं वाटणं त्याला पुढे फार दिवस छळणार होतं, म्हणून इथं नोंदवून ठेवलं.

नऊ दिवसांनी, मंगळवारच्या बाजारात कवडू भेटला. कवडू सोनबर्डीचा, तलावात जाळं टाकणारा. मासोळीच्या टोपलीपाशी त्यानं नत्थूजीला बसवून घेतलं.

"नत्थूभाऊ, नाव निंघालं तुमचं."

"कुठी? अहवाल आला?"

"कायचा अहवाल! पर्वाच्या ऐतवारी दोन जिपा आल्या तलावावर. पाच बंदुका. नागपूरचे पाव्हणे होते शेठचे. उजाडाच्या आंदी उगवतीच्या पाळीखाली जाऊन बसले. अन् शेठ त्याइले सांगून राह्यलता, आपला नत्थू मोजून गेला म्हने, एकेचाळीसशे हायेत, इथंच बसते म्हने."

कवडू सांगत राहिला. दोन वेळा बार उडाले, सकाळी आणि दिवस कलताना. जिपांच्या मागच्या फळ्या पाखरांनी भरल्या. जखमी होऊन गवतात शिरलेली कोणी उचलली नाहीत. ती दोन दिवस कवडूनं काढली. त्याच्या बायकोनं रडत काढली, कारण त्यातलं एक तिच्या ओच्यातच मेलं.

"रिकामे काडतूस पोराइच्या हाती लागू नये म्हून मी येचले," कवडू म्हणाला आणि टोपलीखालून एक पिशवी काढली. "घ्या. मोजा."

नत्थूजीनं बाजारातच मोजली. सदतीस हात आणि वर तीन. एकशे अठ्ठ्याऐंशी.

त्याला राग आला. हा राग बागेत कधी आला नव्हता. महिनाभर हिंडूनही शिकाऱ्याला कळलं नसतं की जिल्ह्यातल्या नऊ तलावांपैकी कोणत्यावर पाखरू जास्त, आणि ते सकाळी कुठं बसतं. ते नऊ तलावांवरच्या भल्या माणसांनी थंडीत कुडकुडत, आपल्या खर्चानं, शोधून काढलं आणि पोह्यांच्या प्लेटवर त्याच्या हातात दिलं. आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा दिला नत्थूजीनं. वरून जागाही सांगितली. शेव घेतली.

तो आधी वनखात्याच्या कचेरीत गेला. तिथल्या बाबूनं काडतुसांच्या पिशवीकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

"परवाना आहे त्यांच्याकडे. मोजकी पाखरं मारायची मुभा असते."

"मोजकी म्हंजे किती? दोनशे?"

"दोनशे मारली हे कोण म्हणतं? काडतूस रिकामं झालं म्हणजे पाखरू मेलं, असं होत नाही. कागद आहे का? आधी किती होती, आता किती आहेत?"

आधी किती होती याचा कागद होता. आता किती आहेत, हे मोजता येत होतं. नत्थूजी अठरा तारखेच्या रविवारी एकटाच सोनबर्डीला गेला. उडालेली पाखरं परतली होती, पण पाळीपासून लांब बसत होती. त्यानं मांडी घातली आणि हात चालवले. दुपारपर्यंत दोनदा मोजलं. दोन्ही वेळा तेच आलं. चाळीस शेकडे आणि अठरा हात. चार हजार नव्वद.

दहाच कमी!

नत्थूजी पाळीवर बसून राहिला. एकट्या कवडूनं गवतातून साठ काढली होती. जिपांमधली वेगळी. आणि कागदावर दहा. त्याला वाटलं, आपले डोळे गेले.

वर्ध्याला बाबाराव वकिलांनी त्याचं सगळं शांतपणे ऐकलं. ते माळकरी. त्यांच्या घरी बदक शिजलं असेल, असं कोणी म्हणणार नाही. पाखरांवर त्यांचं प्रेम होतं. कागदावर त्याहून जास्त होतं.

"नत्थूजी, तुमचाच आकडा चार हजार शंभर. आजचाही तुमचाच, चार हजार नव्वद. दहा पाखरं तर झाडावर जाऊन बसली असतील."

"साहेब, कवडूनं साठ मेलेले काढले."

"कवडूनं लिहून दिलंय?"

"त्याले लिवता येत नाई."

"मग? आणि शेठजींनी गेली तीन वर्षं आपला अहवाल छापून दिलाय. दहा पाखरांसाठी भल्या माणसावर किटाळ आणायचं?"

नत्थूजी तिथून निघाला तो सरळ रोहण्याला. लीलाबाई शाळेच्या ओट्यावर बसून उत्तरपत्रिका तपासत होत्या. त्यानं सांगितलेलं ऐकून त्या आत गेल्या, कच्ची वही घेऊन आल्या आणि एकेका रेघेवर पेन्सिल टेकवत मोजू लागल्या. मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग त्यांनी नत्थूजीकडे पाहिलं.

"भाऊ, एक्केचाळीस शेकड्यांचे हात किती व्हायला पाहिजेत?"

"आठशे वीस."

"रेघा आठशे एकसष्ट आहेत. एक्केचाळीस जास्त."

नत्थूजीनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. दर शेकड्यामागे एक हात. तोंड "शेकडा" म्हणत होतं, खडा खिशात पडत होता, आणि हात तीस वर्षांच्या सवयीनं वरचा एक टाकत होते. तलावातल्या पाखरांना वर्ताळा!

"वर्ताळा देल्ला मी," तो म्हणाला.

"कोणाला?"

वर्ताळा माल उचलणाऱ्याला देतात. चार तारखेला तलावावर माल उचलणारं कोणीच नव्हतं, असं त्याला वाटलं होतं. हातांना मात्र बरोबर कळलं होतं.

"अन् अठरा तारखेला?" लीलाबाईंनी विचारलं. "तेव्हाही दिला?"

नत्थूजीनं आठवून पाहिलं. नव्हता दिला. चोरी झाल्यावर घरात काय उरलं ते माणूस मोजतो, तशी ती मोजणी होती. त्या मोजणीत वरचा हात कोण टाकतो?

लीलाबाईंनी पाटीवर मांडलं. चार तारखेला खरी पाखरं चार हजार तीनशे पाच. अठराला चार हजार नव्वद. कमी झाली दोनशे पंधरा.

"म्हंजे त्यायनं मारलेले दोनशे," नत्थूजी म्हणाला, "मीच झाकून देल्ले."

"तुम्ही नाही झाकले. तुमच्या चुकीखाली त्यांचे झाकले गेले," बाई म्हणाल्या. "मीही रेघा मोजल्या नव्हत्या. आता बसा. चहा घेऊन जा."

"चहा नको, बाई. चहानंच तं झालं सारं."

आठ फेब्रुवारीला वर्ध्यात मंडळाची सभा भरली. एका कॉलेजचं सभागृह मिळालं होतं. चाळीसेक माणसं, मंचावर सतरंजी, हार. अहवाल वाटला गेला. नत्थूजी मागच्या रांगेत बसला होता. सातव्या पानावर त्याला ते दिसलं. सोनबर्डी तलाव, चार हजार शंभर, निरीक्षक श्री. नत्थूजी, कारंजा. त्यानं त्यावर बोट ठेवलं. शाई थोडी पसरलेली होती, पण "श्री" चांगला उठला होता. शेजारी बसलेल्या लीलाबाईंनी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

मंचावर ओमप्रकाशशेठला शाल-नारळ दिला गेला. पक्ष्यांच्या सेवेबद्दल. टाळ्या झाल्या. टाळ्या संपता संपता नत्थूजी उभा राहिला.

"साहेब, मले एक सांगाचं हाये."

"सांगा, सांगा," बाबाराव हसले. "हे आपले नत्थूजी. आपला चमत्कार!"

"सात नंबरच्या पानावरचा आकडा खोटा हाये. चार हजार तीनशे पाच पाह्यजे. वर्ताळा धरून. हे बाईंची वही हाये, रेघा मोजा. अन् अकरा तारखेले तिथं पाच बंदुका आल्त्या. अठराले मी मोजलं तं चार हजार नव्वद राह्यले. दोनशे पंधरा गेले, साहेब. तुमी ज्यायले शाल देल्ली त्यायनं नेले."

सभागृहात खुर्च्या कुरकुरल्या. ओमप्रकाश शाल सावरत म्हणाला, "अरे नत्थू, तूच तर बोलला होता ना, पूरे एक्केचाळीस! एक कमी नाही, एक जास्त नाही. अब जास्त कसे झाले?"

"कमी नाई म्हनलो होतो, शेठ. जास्त नाई, असं नव्हतो म्हनलो."

दोघंतिघं हसले. शेठ हसला नाही.

"परवाना होता माझ्या पाहुण्यांकडे," तो म्हणाला. "सरकारी."

"मंग किती मारले ते सांगा. परवान्यात किती लिवले होते, तेबी सांगा. हे इथं सारे मोजनारेच बसले हायेत."

शेठ नारळाकडे पाहत राहिला. बाबारावांनी मेजावर पेन्सिल वाजवली.

"नत्थूजी, कच्ची वही म्हणजे नोंद नव्हे. अहवाल वर गेलेला आहे."

लीलाबाई उठल्या. "साहेब, पक्का कागद या कच्च्या वहीवरूनच मी केला. वही खोटी असेल तर अहवालही खोटा. मग दोन्ही फाडा. आणि वही खरी असेल तर आकडा बदला."

आता बाबाराव वकील होते, आणि वकिलाला अशा वेळी एक दार लागतं. त्यांना ते सापडलं.

"ठीक आहे. शुद्धिपत्र काढू. दोन्ही तारखा, दोन्ही आकडे. पण मग निरीक्षकानं स्वतः चूक कबूल केली, असं होतं. चुकलेल्या निरीक्षकाचं नाव मंडळाला ठेवता येणार नाही. वर प्रश्न विचारतात. लीलाबाईंचं एकटीचं नाव राहील. नाही तर आहे तो आकडा राहू द्या, तुमचं नावही राहील. पुढच्या वर्षी काळजीपूर्वक मोजा. बोला, काय करायचं?"

"हे कुठलं गणित?" लीलाबाई ताडकन म्हणाल्या. "चूक यांनीच दाखवून दिली, आणि नाव यांचंच काढता? मग माझंही काढा!"

"बाई, थांबा जरा," नत्थूजी म्हणाला. "तुमचं राहू द्या. लिवलेलं वाचा लागते, असं तुमचे बाबूजी म्हनत. कोनाचं तं नाव पाह्यजे खाली."

त्यानं अहवाल पुन्हा उघडला. सातवं पान पाहिलं. मग तो मिटून समोरच्या खुर्चीवर ठेवला.

"आकडा बदला, साहेब. नाव खोडा."

शुद्धिपत्र मार्चमध्ये निघालं. चतकोर कागद. चार जानेवारी, चार हजार तीनशे पाच. अठरा जानेवारी, चार हजार नव्वद. निरीक्षक लीलाबाई, रोहणा. तो कागद आणि काडतुसांची पिशवी घेऊन बाई स्वतः वनखात्याच्या कचेरीत जाऊन बसल्या. तीन वेळा गेल्या. चौथ्या वेळी सोनबर्डीला शिकारीची परवानगी बंद झाली आणि पाळीवर पत्र्याची पाटी लागली. "पक्ष्यांना मारू नये." पाटीचा खर्च कोणी करायचा, यावर कचेरी आणि मंडळ यांच्यात दोन महिने पत्रं चालली. शेवटी एका दानशूर माणसानं पुढाकार घेतला. पाटीच्या खाली लाल अक्षरांत त्याचं नाव आहे. सौजन्य, ओमप्रकाशशेठ, कारंजा.

ती पाटी दाखवायला कवडू नत्थूजीला तलावावर घेऊन गेला होता. नत्थूजीनं ती अक्षर लावून वाचली आणि म्हणाला, "रंग चांगला हाये. पाच-सात वर्सं टिकन."

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत पहिल्या रविवारी त्यानं पुन्हा सायकल काढली. कमलाबाईनं या खेपेला काही विचारलं नाही. फडक्यात भाकर बांधून दिली, कारण ढाब्यावर तो आता जाणार नव्हता. पाखरं निघाली एकतीस शेकडे आणि सात हात. बाईंनी रेघा तिथंच मोजल्या. वर्ताळा एकही नव्हता.

तर झालेला हिशेब असा. बाबाराव वकिलांचा गेला एक चतकोर कागद. लीलाबाईंच्या गेल्या चार रजा आणि चार वेळचं एसटीचं भाडं. पाखरांची गेली दोनशे पंधरा. नत्थूजीच्या गेल्या शेठच्या सगळ्या बागा, मृग आणि आंबिया, दोन्ही बहारांच्या. तिथं आता दुसरा माणूस मोजतो, आणि त्याचे ढीग दोनदा मोजावे लागतात. सातव्या पानावरचं नावही गेलं. ओमप्रकाशशेठचा गेला एक पत्रा आणि अकरा प्लेट पोहे. त्यातल्या दोन प्लेटी, नत्थूजीला पक्कं आठवतं, शेठनं वकिलांच्या नावावर मांडल्या होत्या.